लाडाची, वंशाची, मिरवायची

पहिल्या भेटीत काकांनी मला दहा पावलं मागे सरकायला सांगितलं.

मी खोली बघायला गेले होते. सटाण्याहून नाशिकला नोकरीला येऊन चार दिवस झाले होते. मावशीच्या घरी पाचवा दिवस काढायची माझी तयारी नव्हती, मावशीचीही नसावी. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एका बंगल्यात वरची खोली रिकामी आहे असं कळलं. फाटक उघडलं तर समोर बनियन-पायजम्यातले, सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे. नाव नाही, गाव नाही, थेट म्हणाले, "जरा मागे व्हा. अजून. हां, तिथेच." मग डोळे बारीक करून त्यांनी मला पायांपासून वर असं सावकाश पाहिलं. मला एका पायावर भार देऊन उभं राहायची खोड आहे. ती लगेच पकडली गेली.

"डावीकडे कलते," ते स्वतःशीच म्हणाले. "पण चालेल."

दारातून काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. ते कोंबड्यांनाही असंच बघतात."

मला धीर यावा म्हणून काकू हे म्हणाल्या होत्या. माझा गोंधळ तिथून सुरू झाला, आणि खरं सांगते, तो अजून पुरता संपलेला नाही.

कोंबड्या मागच्या परसात होत्या. पेरूचं झाड, धुण्याचा दगड, आणि त्यांच्यापलीकडे काकांनी स्वतः ठोकून केलेलं जाळीचं खुराडं. गंमत अशी की त्या घरात अंडं खात नसत. काकू एकादशीला कांदासुद्धा चिरत नसत. अंडी हिराबाईकडे जात. हिराबाई म्हणजे घरी धुण्याभांड्याला येणारी बाई, मूळची सुरगाण्याच्या बाजूची. शेजारच्या बंगल्यातल्या निवृत्त मास्तरांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "अहो, तुम्ही खात नाही, विकत नाही, मग या पाळता कशाला?" काकांनी जरा विचार करून उत्तर दिलं, "तपासायला." मास्तर त्यानंतर फिरायला जाताना पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले.

काकांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली होती. खिळ्यासारख्या बारीक पिना, नळ्या, चाकांच्या कड्या. दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घ्यायची, पाहायची, मापायची आणि पास, दुरुस्ती किंवा बाद असा शिक्का मारायचा. पस्तीस वर्षं. निवृत्तीनंतर शिक्का गेला, पण नजर कुठे जाणार? काकू सांगायच्या की पहिले सहा महिने ते घरातल्या पोळ्या तपासत होते. "एक दिवस मी लाटणं त्यांच्या हातात दिलं," काकू म्हणाल्या, "तेव्हापासून पोळ्या पास व्हायला लागल्या." पुढे परसात कोंबड्या आल्या आणि काकू सुटल्या.

पास, दुरुस्ती, बाद हे शब्द कोंबडीला लावणं काकांना अपमानास्पद वाटे. त्यांनी तीन नवे वर्ग केले होते. लाडाची, वंशाची आणि मिरवायची. लाडाची म्हणजे जिच्यात काहीतरी उणं आहे, बोट वाकडं, तुरा एका अंगाला पडलेला, पण अंगणात असली की बरं वाटतं अशी. वंशाची म्हणजे दिसायला बेताची असली तरी हाडापेराने चांगली, जिची पिलं तिच्यापेक्षा सरस निघतील अशी. आणि मिरवायची म्हणजे जिला दहा पावलांवरून पाहिलं, हातभर अंतरावरून पाहिलं, हातात धरून पाहिलं तरी नाव ठेवता येत नाही ती.

"वंशाचीकडे पिलांना द्यायला काहीतरी असतं," ते सांगत. "मिरवायचीकडे जे आहे ते तिच्यापाशीच. देईल की नाही, कोण सांगणार?"

"मग मोठी कोण?" मी विचारलं.

"हा प्रश्नच चुकीचा आहे," काका म्हणाले आणि बरोबर प्रश्न कोणता ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

दर रविवारी चहा झाला की परसात कोर्ट भरे. जुन्या टेबलावर पांढरी चादर, बाजूला पोलादी पट्टी आणि कारखान्यातून निरोपाला मिळालेला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी. लेखनिक मी. माझं अक्षर बरं होतं आणि मी दिवसभर मेन रोडच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढून लिहीतच असे. काका कोंबडीला टेबलावर ठेवत, ती दचकू नये इतपत हळू खाकरत आणि मागे मागे जात पेरूच्या झाडाला पाठ टेकत. तिथून उभं राहणं बघायचं. मग जवळ येऊन तुरा, डोळे, चोच, नख्या. मग उचलून छातीचं हाड बोटाने चाचपायचं. शेवटी ते मला वर्ग सांगत आणि पायात प्लास्टिकची कडी घालत. लाडाचीला पिवळी, वंशाचीला हिरवी. मिरवायचीला लाल. लाल कड्यांची पुडी सीलबंद होती. चार वर्षांत चाळीसच्या आसपास पक्षी टेबलावरून गेले, पण ती पुडी फुटली नव्हती.

हे सगळं ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात मी चक्रावून जाई. आज हिरवी कडी मिळालेली कोंबडी पुढच्या रविवारी पिवळी होई. का, तर तिच्या बहिणीचंही बोट तसंच वाकडं निघालं, म्हणजे दोष रक्तातला. त्याच्या पुढच्या रविवारी ती परत हिरवी. का, तर बहिणीचं बोट जाळीत अडकून वाकडं झाल्याचं काकूंना आठवलं. पिसं झडायच्या दिवसांत तर निकालच राखून ठेवत. वहीत इतकी खाडाखोड झाली की मी एकदा चिडून म्हटलं, "काका, एकदा ठरवलं की ठरवलं, असं का नाही करत?"

"तुझ्या दुकानात माणसाचा नंबर बदलतो का?"

"बदलतो."

"मग तू त्याला पहिलाच चष्मा घालायला सांगतेस का?"

काकांशी वाद घालताना आपण जिंकत आलोय असं वाटायचं आणि मग एकदम आपणच टेबलावर उभे असायचो.

एकदा माझी आई सटाण्याहून आली होती. रविवारचं कोर्ट तिने खिडकीतून पाहिलं आणि मला अहिराणीत हळूच विचारलं, "हाई कोंबडी शे का नवरी शे?" मी हे काकांना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "नवरी बघताना इतकं बघत नाहीत, हीच तर अडचण आहे." आतून काकूंचा आवाज आला, "मला दहा मिनिटांत पास केलं होतं यांनी!" काका म्हणाले, "तेव्हा मी तपासणीला लागलो नव्हतो." काकूंनी त्या दिवशी दुपारचा चहा उशिराने दिला.

काकांच्या म्हणी मोजक्या होत्या. "आधी नजर, मग माप, मत शेवटी." "माल खोटं बोलत नाही, घाई बोलते." आणि सगळ्यात लाडकी, "ज्याचा लागभाग, त्याने शिक्का मारू नये." या शेवटच्या म्हणीपायी त्यांचे मेहुणे त्यांच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हते. मेहुण्यांचं अंबडला छोटं वर्कशॉप. त्यांच्या पिना काकांच्या कारखान्यात यायच्या. काकांनी पहिल्याच खेपेला वर लिहून दिलं की हा माझा मेहुणा आहे, हा माल मी तपासणार नाही. माल दुसऱ्याकडे गेला, त्या माणसाने घाईत बाद केला. काकांना ठाऊक होतं की पिना चांगल्या होत्या. जाता-येता त्यांनी त्या पाहिल्या होत्या. पण ते बोलले नाहीत.

"एक शब्द बोलला असतात तर?" मी विचारलं.

"तो शब्द मेहुण्याचा झाला असता, तपासनिसाचा नाही."

मला हे कधी थोर वाटे, कधी निव्वळ आडमुठेपणा. काकूंना विचारावं तर त्या म्हणत, "मलाही चाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही."

आता हिराबाईविषयी सांगायला हवं, कारण परसातल्या कोंबड्या मुळात तिच्या होत्या. हिराबाई नवऱ्यासोबत द्राक्षबागांच्या कामाला नाशिकला आली आणि इथेच टिकली. येताना तिने गावाकडची एक कोंबडी आणली, पण पत्र्याच्या खोलीत ठेवायला जागा नव्हती. तिने काकांना विचारलं, "काका, तुमच्या परसात ठेवा की माझी कोंबडी. अर्धलीनं."

अर्धलीनं म्हणजे जनावर एकाचं, सांभाळणार दुसरा आणि झालेली पिलं निम्मी-निम्मी. गावोगाव हे चालतं, पण तिथे जनावर जमीनवाल्याचं असतं आणि सांभाळणारा गरीब. इथे उलटं होतं. बंगल्याचे मालक आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची कोंबडी अर्धलीनं सांभाळत होते. काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांना फक्त नियम हवा होता. हिराबाईने सांगितला, "जो सांभाळतो त्यानं दोन वाटे करायचे. ज्याची कोंबडी त्यानं आधी उचलायचं." काका या नियमावर लुब्ध झाले. वाटे करणारा लबाडी करूच शकत नाही, कारण चांगला वाटा दुसराच उचलणार. "आमच्या कारखान्यात एवढी अक्कल कोणाला नव्हती," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

चार वर्षं वाटे सुरळीत झाले. काका दोन डालग्यांखाली, म्हणजे उपड्या टोपल्यांखाली, सारखे वाटे लावत, हिराबाई येऊन एक उचले आणि गावाकडे पोचवे. बघायचीसुद्धा नाही फारशी. सात महिने होईपर्यंत पक्ष्याची पारख होत नाही, म्हणून काका वाटे उशिरा करत, तेही तिने मान्य केलं होतं.

आणि मग सत्तेचाळीस नंबर आला.

काका पक्ष्यांना नावं देत नसत, त्याने नजर बिघडते म्हणे. सत्तेचाळीस हा हिराबाईच्या त्याच जुन्या कोंबडीच्या नातीचा कोंबडा. त्या खेपेला नऊ पिलं जगली, आठ तलंगा आणि हा एकटा. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. मला कोंबड्यांतलं काही कळत नाही, पण सत्तेचाळीस टेबलावर उभा राहिला की मीसुद्धा पेन खाली ठेवायची. मानेवर तांबूस-सोनेरी पिसं, शेपटी काळी, पण उन्हात हिरवी झाक मारणारी, तुरा उभा आणि पाचही टोकं सारखी. आणि उभा असा राही की जणू परस त्याच्या नावावर आहे. काकांनी त्याला ओळीने अकरा रविवार पाहिलं. दोष सापडेना म्हणून त्यांची झोप उडाली. शेपटीचा कोन त्यांना जरासा जास्त वाटत होता. मला बोलावून विचारलं, काकूंना विचारलं, माझ्या दुकानातलं भिंग मागवलं. बाराव्या रविवारी त्यांनी लाल कड्यांची पुडी फोडली. एक कडी त्याच्या पायात घातली. "लिही," ते म्हणाले. मी लिहिलं, मिरवायचा. ते म्हणाले, "वाच." मी वाचलं. "परत वाच." काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

पुढच्या महिन्यात शहरात शेतकी प्रदर्शन होतं आणि त्यात परसातल्या देशी पक्ष्यांची स्पर्धा. काकांनी फॉर्म आणला. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पाहिलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाढवलेलं काही दुसऱ्यांच्या नजरेसमोर ठेवणार होता. ते तसं म्हणाले नाहीत, पण रोज संध्याकाळी कोंबड्याला पिंजऱ्यात शांत उभं राहायची सवय लावत बसलेले दिसत, तेव्हा मला कळायचं.

फॉर्म मीच भरत होते. पक्ष्याचं वय, रंग, वजन. मग रकाना आला, मालकाचं नाव. मी काकांचं नाव लिहायला लागले तोच ते म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"वाटा झालेला नाही," काका म्हणाले. "हा अजून माझा नाही."

त्यांनी त्याच दिवशी हिराबाईला सांगितलं की वाटे करून टाकू. ती म्हणाली, "बरंच झालं. पुढच्या रविवारी मी गावाला चालले. पोरीला बघायला पाहुणे यायचे हायत. माझा वाटा घेऊनच जाते." प्रदर्शन त्या रविवारनंतर आठ दिवसांनी होतं.

तो आठवडा मी विसरणार नाही. नऊ पक्षी, मिरवायचा एकच. दोन सारखे वाटे होणार कसे? काका कागदावर मांडत, पुसत. अखेर त्यांनी ठरवलं की एका डालग्याखाली सत्तेचाळीस आणि दोन तलंगा, दुसऱ्याखाली सहा तलंगा, सगळ्या हिरव्या कडीच्या, महिन्याभरात अंड्यावर येणाऱ्या. "एका मिरवायच्याला चार वंशाच्या. हा भाव बरोबर आहे," ते म्हणाले. हिराबाईच्या दृष्टीने तर सहाचा वाटा उघडउघड चांगला होता. सहा कोंबड्या म्हणजे गावाकडच्या घरात रोज अंडी. काकांना हे कळत होतं, मलाही कळत होतं.

काकू वैतागल्या. "अहो, सरळ मागून घ्या ना तो कोंबडा. हिरा नाही म्हणणार आहे का?"

"नाही म्हणणार," काका म्हणाले. "म्हणूनच मागायचा नाही. ती आपल्या घरी कामाला आहे. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडे मागणं म्हणजे काढून घेणं."

"मग निदान प्रदर्शनाचं तरी सांगा."

"ते मागणंच झालं, फिरवून."

काकू माझ्याकडे वळल्या. काकांनी माझ्याकडेही बोट रोखलं. "आणि तूही बोलायचं नाहीस."

रविवारी सकाळी हिराबाई प्रवासाची पिशवी घेऊनच आली. दोन डालगी पेरूखाली उपडी ठेवलेली. काकांनी दाढी केली होती, शर्ट घातला होता. हिराबाई एरवीसारखी झटकन वाकली आणि मग थबकली. एका डालग्यात तीन, दुसऱ्यात सहा.

"हे असं कसं काका? एकीकडं तीन, एकीकडं सहा?"

"मोलाने सारखे आहेत," काका म्हणाले.

ती दोन्हींकडे पाहत राहिली. मग तिने तेच केलं ज्याची कोणी कल्पना केली नव्हती. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुमाला लय समजतं यातलं. तुमीच सांगा, मी कोंचा उचलू?"

मी त्यांच्याकडे पाहत होते. सहाचा उचल, एवढं म्हणायचं होतं. ते खरं होतं, तिच्या भल्याचं होतं. पण ते म्हटलं की कोंबडा त्यांना मिळणार होता. दारात काकू हाताने खुणा करत होत्या, सांगा, सांगा. काकांचे कान लाल झाले. मला अकरा वर्षं न बोललेले ते मेहुणे आठवले आणि मनात आलं, आता हा माणूस बोलत नाही.

"मला विचारू नकोस," काका म्हणाले. "मला सांगता येणार नाही."

"का बरं?"

"नाही सांगता येणार."

हिराबाई माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा मंग."

मी दिवसभर लोकांना विचारते, हे नीट दिसतं का हे? पहिलं का दुसरं? त्या क्षणी मला माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची कीव आली. काकांनी मान किंचित हलवली, नाही अशी. मी म्हटलं, "मला नाही कळत बाई त्यातलं." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

हिराबाईने काकांच्या तोंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग काहीतरी उमगल्यासारखी मान हलवली आणि तीनचं डालगं उचललं.

"नीट बघितलंस?" काकांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"बघितलं की."

पुढची दहा मिनिटं काका कोंबड्याला प्रवासाला तयार करत होते. पोत्याला भोकं पाडली, तळाशी तणस घातलं. जीपमध्ये पायांशी नको, मांडीवर घे. शेपटी दबू देऊ नको. पेठच्या पुढे घाटात पाणी पाज, पण थोडंच. हिराबाई हो हो म्हणत होती आणि चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला यातलं काहीच कळत नाही. ती गेली. काका टेबलावरची चादर घडी करू लागले. दोनदा चुकली तेव्हा काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली.

प्रदर्शनाला ते तरीही गेले. फी नव्हती, मालकाचा रकाना कोरा ठेवून नोंदणी झाली होती, आणि न जाणं हा त्यांच्या मते आयोजकांचा खोळंबा. मी सोबत गेले. त्यांच्या नंबरचा पिंजरा रिकामा होता, वर कार्ड लावलेलं. मालकाच्या नावापुढे काहीच नव्हतं. काका त्या पिंजऱ्याशेजारी उभे राहिले. एका माणसाने विचारलं, "पक्षी कुठाय काका?"

"सुरगाण्याला," काका म्हणाले.

ज्या कोंबड्याला पहिला नंबर मिळाला त्याच्या तुऱ्याची दोन टोकं जुळलेली होती, हे मलासुद्धा दिसलं. काका त्याच्या मालकाजवळ गेले. मला वाटलं आता दोष काढतील. ते म्हणाले, "फार छान सांभाळलाय तुम्ही." परत येताना रिक्षात मला राग येत होता. कोणाचा ते ठरवता येईना. काकांचा म्हणावं तर त्यांनी वाईट काय केलं होतं? हिराबाईचा म्हणावं तर तिने तिच्या हक्काचं उचललं होतं.

तीन आठवड्यांनी हिराबाई परत आली. येताना पेढे आणि नागलीचे पापड घेऊन आली. पोरीची सोयरीक जमली होती. काका परसात धुण्याच्या दगडावर बसून कोंबड्यांची पाण्याची भांडी घासत होते. काकू पायरीवर होत्या. मीच न राहवून विचारलं, "हिराबाई, तुम्ही सहाचा वाटा का नाही उचलला? सहा कोंबड्या होत्या!"

"मला दिसत नव्हतं व्हय सहा हायत ते?" ती हसली. "ताई, मी एक कोंबडी दिली एवढंच. बाकी समदं काकांनी केलं. थंडीत गोणपाटं बांधली, मुंगूस आलं तवा सकाळपासून काठी घेऊन बसले. आन दरवेळी निम्मं मी उचलून न्यायची. मला लय कसनुसं व्हायचं. ह्या टायमाला काकांनी एकीकडं सहा केल्या, मी म्हटलं, चला, यांनाबी जास्तीचं पाहिजे, पण तोंडानं मागवंना बिचाऱ्यांना. इचारलं तर लाल झाले, बोलंनात. मंग काय, मी तीनचं उचललं. सहा ऱ्हाऊ दे त्यांना."

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या का रडत होत्या ते मला कळलं नाही, आणि मला स्वतःला तेव्हा काय होत होतं तेही नीट सांगता येणार नाही.

काकांनी भांडं खाली ठेवलं. "तो कोंबडा," त्यांनी विचारलं, "पाहुण्यांना..."

"कापला ना. पाहुण्यांसाठीच नेला होता." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती जरा थांबून म्हणाली, "पण दोन दिस कोनाला हात लावू दिला नाय हां. अख्खा पाडा येऊन बघून गेला. म्हातारी माणसं म्हनली, असा कोंबडा आपल्याकडं झालाच नाय. पोरीचा सासरा म्हनला, एवढा देखणा कोंबडा आमच्यासाठी कापला म्हंजी माणसं मोठ्या मनाची हायत. जेवायच्या आदीच हो म्हनला."

"शेपटीबद्दल कोणी काही बोललं?"

"शेपटीबद्दल?" हिराबाई गोंधळली. "लय भारी हाय म्हनले. पिसं पोरांनी वाटून घेतली."

काकांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि म्हणाले, "म्हणजे मिरवायचाच होता."

"मंग!" हिराबाई म्हणाली. तिला वर्गबिर्ग काही माहीत नव्हतं.

तिने कमरेला पदर खोचला आणि भांड्यांकडे निघाली. काकांनी तिला हाक मारली. "हिराबाई, पुढच्या खेपेला वाटे तू कर. मी उचलतो."

ती वळली आणि खळखळून हसली. "नको बाबा. तुमी मुद्दाम वाईटच उचलाल. मंग मी काय करू?"

काकांनी यावर खरोखर विचार केला. पेरूच्या झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "मग वाटे करायचे कोणी?"

काकू म्हणाल्या, आधी पेढे खा. मी पेढा खाल्ला. उत्तर कोणालाच सुचलं नाही, आणि मी ती खोली सोडेपर्यंत त्या परसात पुन्हा वाटे झाले नाहीत. पक्षी वाढत गेले, खुराडं दोनदा मोठं करावं लागलं, आणि कोणता कोणाचा हे त्या दोघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं.